राखून ठेवलेली दाढ

चंपूआत्याच्या ओठांत टाचण्या असल्या की तिचं बोलणं अर्ध्या तोंडाने यायचं. तीन-चार टाचण्या डाव्या कोपऱ्यात धरलेल्या, एकेक काढून साडीच्या काठाला फॉल टाचायचा, आणि उरलेल्या उजव्या कोपऱ्यातून अख्ख्या गल्लीच्या गप्पा. त्या दिवशी मी दारात चपला काढतोय तोवर तिने मान वर न करताच विचारलं,

"गावला का रं दुसरा पेशंट?"

"नाही."

"मग आता?"

"आता काय? नापास व्हायचं. पुढच्या वर्षी परत परीक्षा."

मी तिच्यासमोर फतकल मारून बसलो. तेव्हा मी दातांच्या कॉलेजात एम. डी. एस.च्या शेवटच्या वर्षाला होतो. जबड्याच्या आणि तोंडाच्या शस्त्रक्रिया हा माझा विषय. प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एक छोटी शस्त्रक्रिया करून दाखवावी लागे, आणि पेशंट ज्याचा त्याने आणायचा असे. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं, पण आमच्याकडे तशी रीत होती. म्हणून परीक्षेच्या महिनाभर आधीपासून प्रत्येक जण एखादी केस राखायला लागे. राखायची म्हणजे काय, तर चांगली अवघड दाढ घेऊन कुणी आलं की ती काढायची नाही. गोळ्या द्यायच्या, गोड बोलायचं, आणि सांगायचं, अमुक तारखेला या, बाहेरचे मोठे डॉक्टर येणार आहेत, ते तुमच्याकडे जातीने बघतील. हे चूक आहे असं आमच्यात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आमचे सरही असेच पास झाले होते.

माझी राखलेली केस म्हणजे एक रिक्षावाला होता. अकराव्या दिवशी त्याला कळा सहन झाल्या नाहीत. तो स्टँडमागच्या दवाखान्यात जाऊन दाढ काढून मोकळा झाला आणि वर मलाच येऊन सांगून गेला. परीक्षेला सोळा दिवस उरले होते.

"चहा टाकते, थांब," आत्या म्हणाली.

चंपूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. शहराच्या जुन्या भागात दोन खोल्यांत राहायची आणि साड्यांना फॉल लावून पोट भरायची. अकरावीला मी गावाहून शिकायला आलो तो तिच्याकडेच, आणि हॉस्टेल मिळेपर्यंत सात वर्षं तिच्या हातचं जेवलो. तिच्यावर माझा किती जीव होता हे मी इथे लिहिणार नाही. पुढचं वाचल्यावर ते कुणाला पटायचं नाही.

चहा पिताना तिने मान उजवीकडे कलती केली आणि घोट त्याच बाजूने घेतला.

"असं काय पितेस?"

"काय न्हाई रं. हिकडची दाढ जरा कुरकुर करतीया."

"आ कर बघू."

"च्या तर पिऊ दे मला."

"आ कर."

खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला केला. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी दाढ. दाढ म्हणायचं इतकंच. किडीने वरचा भाग केव्हाच खाऊन टाकला होता, मुळं तेवढी आत राहिली होती आणि त्यांच्यावर हिरडी चढली होती. बोट दाबलं तर कडेने पिवळसर पू आला. तिने डोळे घट्ट मिटले पण हूं की चूं केलं नाही.

"कधीपासून?"

"झालं असतील चार म्हयनं. तू अब्यासात हुतास. म्हटलं, त्याची परीक्षा हू दे, मग सांगू."

दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात नेऊन एक्स-रे काढला. तो मी उजेडाला धरला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. दोन्ही मुळं टोकाशी वाकडी. चिमट्यात धरायला वर काही नाही. म्हणजे हिरडी कापायची, थोडं हाड तासायचं, मुळं वेगळी करायची आणि एकेक उचकटून काढायची. मागच्या मुळाच्या टोकाखालून खालच्या ओठाची नस जाताना दिसत होती, म्हणजे परीक्षकाला विचारायलाही भरपूर. अशी केस शोधून मिळत नाही. ती सात वर्षं ज्या घरात जेवलो तिथे बसलेली होती.

"आत्या, एक मागू?"

"माग की."

"ही दाढ मला परीक्षेला दे."

ती खळखळून हसली. "दाढच न्हवं? मला वाटलं काय मागतोय. घे. आख्खी बत्तिशी घे." मग जरा थांबून म्हणाली, "म्हंजे आत्ता काढायची न्हाई?"

"पंधरा दिवस फक्त. गोळ्या देतो, दुखणार नाही."

"दुखू दे की. चार म्हयनं काढलं, पंधरा दिवसांचं काय एवढं!"

मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

आठव्या दिवशी शेजारच्या पोराने हॉस्टेलवर निरोप आणला. गेलो तर गालाला सूज, डावा डोळा बारीक झालेला. मांडीवर कुणाची तरी मोरपंखी साडी तशीच पडली होती. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं.

"दिगू," ती म्हणाली, "काढून टाक की रं आता. रातभर बसून हाय मी."

तिने माझ्याजवळ एवढं एकदाच मागितलं. सुजेच्या दिवशी लगेच मुळं काढता आली नसती, हे खरं. पण पू काढून देता आला असता. औषधं सुरू करून तीन-चार दिवसांत दाढही काढता आली असती. मला ते येत होतं. माझं शिक्षणच ते होतं. मी तिथे उभा राहून दिवस मोजले. परीक्षेला आठ दिवस. आता काढली तर माझ्याकडे काय उरतं?

"आत्या, सुजेवर काढत नाहीत," मी म्हणालो. "दुसरं औषध देतो. दोन दिवसांत उतरेल."

सूज चौथ्या दिवशी उतरली. जिवावर बेतलं असतं तर तेही माझ्याच हातून झालं असतं. तसं झालं नाही आणि मी देवाला नमस्कार केला, दाढ वाचली म्हणून. आत्याचं नाव त्या नमस्कारात नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिची तालीम घ्यायला गेलो. नात्यातला पेशंट चालत नसे, त्यामुळे सगळं नीट पढवायला हवं होतं.

"मी कोण?"

"माझा भाचा."

"आत्या!"

"बरं बरं. डाक्टर."

"आणि मला काय म्हणायचं?"

"अहो म्हणायचं. अहो दिगू."

"दिगू नाही! डॉक्टर."

ती इतकी हसली की तिला गाल धरावा लागला. मीही हसलो. मग मी पुढचं सांगितलं. नाव विचारलं तर आडनाव सासरचं सांगायचं. आधी कुणाला दाखवलं नाही, गोळ्या घेतल्या नाहीत, आजच आले.

"आणि काम चालू असताना मी तुला सांगेन, दुखलं तर डावा हात वर करा. सगळ्या पेशंटना सांगावं लागतं ते."

"मग करू व्हय वर?"

"शक्यतो नको. हात वर झाला की सर लगेच विचारतात, भूल नीट दिली नाही का म्हणून. तिथेच मार्क जातात."

"किती जात्यात?"

"जातील पाच-दहा."

"म्हंजे नापासच की."

नापास नाही, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. आणि दुखलं तर खुशाल कर गं वर, असंही त्याच क्षणात म्हणता आलं असतं. मी तिच्या टाचण्यांच्या डबीशी चाळा करत बसलो, आणि मग अभ्यास राहिलाय म्हणून उठलो.

परीक्षक भागडीकर सर होते. लांबून आलेले, उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज करडा. आत्या खुर्चीत बसलेली. ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती, डोक्यावरून पदर, पाय उघडे, चपला खुर्चीखाली नीट जोडून ठेवलेल्या. सरांनी मी लिहिलेला केसपेपर वाचायला घेतला. त्यात इंग्रजीत मी एक ओळ लिहिली होती, की रुग्णाने अज्ञानामुळे उपचारांकडे दुर्लक्ष केले. तशी ओळ सगळेच लिहायचे. परीक्षकाला आवडायची.

सरांनी चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं.

"बाई, चार महिने दुखतंय?"

"व्हय साहेब."

"आणि मागच्या आठवड्यात सूज होती. बाहेरून दिसतंय अजून. तेव्हाही कुठे दाखवलं नाही?"

"न्हाई साहेब."

"का नाही? मेला असतात म्हणजे? सूज गळ्यात उतरली तर श्वास बंद होतो, माहीत आहे? तुम्ही लोक सगळं दुखणं अंगावर काढता आणि मग आमच्यापुढे येऊन आ करता. घरात कुणी शिकलेलं नाही का? कुणी सांगणारं नाही?"

आत्याने हात जोडले. माझ्याकडे तिने बघितलं नाही. चुकूनही नाही.

"न्हाई साहेब, कोण न्हाई. अडाणी माणसं आमी. चुकलं."

सर माझ्याकडे वळले. "बघा डॉक्टर, हे असं असतं. शिक्षण नाही म्हणून होतं हे."

"हो सर," मी म्हणालो.

नीलिमा नावाची ज्युनिअर मदतीला होती, तिने हत्यारं मांडली. मी हातमोजे चढवले आणि पाठ केलेलं वाक्य मोठ्याने म्हणालो, "बाई, दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन."

"व्हय डाक्टर."

भूल दिली. ज्या जागी इतके दिवस पू मुरलाय तिथे भूल नीट बसत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मी एक जास्तीची सुई दिली, पाच मिनिटं थांबलो, हिरडीला टोचून विचारलं, "दुखतंय?" तिने मान हलवली, नाही. मी कापायला घेतलं. हिरडी मागे सारली, हाड तासलं, मुळं तोडून वेगळी केली. पुढचं मूळ सुटून आलं तेव्हा सर खुर्ची सरकवून जवळ बसले.

मागचं मूळ निम्म्यात मोडलं. टोक आत राहिलं, खोल, नसेच्या अगदी वर. मी चपट्या टोकाचं हत्यार कडेने घातलं आणि दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. मध्येच आत्याचे पाय दिसले. दोन्ही पायांची बोटं आत वळून पोटऱ्या ताठ झाल्या होत्या. तिच्या डोळ्यातून पाण्याची धार कानाकडे गेली.

नीलिमा हळूच मला म्हणाली, "सर, पेशंटच्या डोळ्यात पाणी..."

"दिव्याचा उजेड लागतोय," मी म्हणालो. "दिवा जरा खाली घे."

मी आत्याच्या हाताकडे पाहिलं. डावा हात दिसत नव्हता. वर आलेला नव्हता, तेवढं मला पुरलं. मी तिसऱ्यांदा दाबलं आणि टोक सुटलं. तांदळाच्या दाण्याएवढं होतं. गॉझवर ठेवलं तेव्हा भागडीकर सरांनी ते बोटाने उलटंपालटं करून पाहिलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "हलका हात आहे. आणि पेशंटही गुणी मिळाली तुम्हाला. चकार शब्द नाही."

टाके घालून झाल्यावर आत्या उठली, पदर सावरला आणि मला म्हणाली, "येते डाक्टर." दारापर्यंत गेली आणि परत आली. चपला खुर्चीखाली राहिल्या होत्या.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास होतो. पेढे घेऊन सरळ आत्याकडे गेलो. मध्ये टाके काढायला ती कॉलेजात येऊन गेली होती, तेव्हा ओठ अजून जड आहे म्हणाली होती, आणि मी उतरेल म्हणून सांगितलं होतं. परीक्षा झाल्यावर झोपणं, सिनेमे, गावाला जाऊन येणं यात मला दुसरं सुचलं नव्हतं.

ती खिडकीशी बसून फॉल लावत होती. मांडीवर मोतिया रंगाची साडी, ओठांत टाचण्या. मला बघून चेहरा फुलला.

"झालास?"

"झालो."

"पयला?"

"पहिला वर्ग."

तिने टाचण्या काढल्या, पेढा देवापुढे ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग साडी पुन्हा ओढून घेतली आणि एकदम थबकली.

"अगं बया. ह्ये काय?"

मोतिया काठावर लाल ठिपका होता. त्याच्या पलीकडे दुसरा. तिने आधी स्वतःची बोटं पाहिली, उलटी-सुलटी केली. बोटांना काही नव्हतं. "लोकाची साडी हाय रं ही. रगत कुठनं आलं?"

मला दिसत होतं. तिच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणी रुतल्याच्या दोन खुणा होत्या, आणि त्यातून रक्त हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. शेजारीच पेढ्याचा कण चिकटलेला होता. तिला दोन्हींचा पत्ता नव्हता.

"आत्या, ओठ अजून जड आहे?"

"जड न्हवं, न्हाईच हाय म्हण. ह्यो कोपरा माझा न्हाईच. च्या गळतो, कळत न्हाई. उतरंल म्हणालास न्हवं तू?"

मी त्या खुणांकडेच बघत राहिलो, तशी तीच जवळ सरकली. परीक्षेची गोष्ट कुणाला तरी सांगायची तिला हौस होती, आणि माझ्याशिवाय ती सांगणार कुणाला?

"पर मी कशी बसले, सांग की," ती म्हणाली. "शेवटाला तू दाबलंस बघ, तवा हितनं ओठापातूर अशी वीज ग्येली. दोनदा. आई आठवली मला. हात आपसूक उठाय लागला. म्हटलं, उठला तर पोराचं वरीस जातंय. मग मांडीखाली घेतला आन् वर बसले त्येच्या. त्यो साहेब बी म्हणाला का न्हाई, गुणी हाय म्हणून?"

"म्हणाला."

"मग!"

ती वीज म्हणजे नस होती. पहिल्या विजेला तिने हात वर केला असता तर मी थांबलो असतो. दिशा बदलली असती, थोडं आणखी हाड काढून टोक वरून घेतलं असतं. पाच मार्क गेले असते आणि तिचा ओठ राहिला असता. ओठाच्या नसेचा इशारा म्हणून तो हात असतो, आणि तो मीच आदल्या दुपारी बांधून ठेवला होता. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी दाढच वाईट होती आणि भाचा हुशार होता.

पुढे सहा महिने मी तिला गोळ्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. त्या मोतिया साडीनंतर तिने ओठांत टाचणी कधी धरली नाही. मनगटाला कापसाची उशी बांधून तिच्यात टोचायची, आणि तेव्हापासून काम करताना ती गप्प असायची. चौदा वर्षं ती त्यानंतर जगली. गल्लीत नवं कुणी आलं की माझ्या परीक्षेची गोष्ट सांगायची, मांडीखालच्या हातासकट. मी समोर असलो तर मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटायचं, किती नम्र आहे डॉक्टर. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला माफ केलं असतं, तिथल्या तिथे, चहा ठेवता ठेवता. ते मला सोसलं नसतं.

त्या दिवशी मात्र मी एवढंच म्हणालो, "रक्त तुझ्या ओठाचं आहे. थांब, पुसतो."

मी खिशातला रुमाल पाण्यात भिजवला. तिने हनुवटी पुढे केली आणि लहान पोरीसारखे डोळे मिटून घेतले. मी रक्त पुसलं, पेढ्याचा कण काढला. कोपरा पुन्हा एकदा पुसला, जरा दाबून. रुमाल घडी करून खिशात ठेवला तरी ती तशीच बसून होती, डोळे मिटून, हनुवटी पुढे करून.

"पूस की रं," ती म्हणाली. "कवाची बसलीया मी."